सिप्रियनचं विमान कुणाच्या हाती

१

सिप्रियन कप्तानाच्या उजव्या हाताची तीन बोटं मोडली होती आणि कवटी मागून फुटली होती. स्वतःच्याच विमानाच्या पुढच्या चाकाशी तो कुशीवर पडला होता. दुपारचे साडेचार वाजले होते. डिसेंबर असूनही वसईजवळच्या कामणमधल्या त्याच्या गोदामाचा पत्रा तापला होता आणि रक्तावर माश्या जमल्या होत्या.

मी इन्स्पेक्टर आशालता निंबाळकर. पोलिसात सव्वीस वर्षं काढली आहेत, त्यामुळे प्रेत मला नवं नाही. पण बांधून मारलेला माणूस पाहिला की माझं डोकं फिरतं, आणि डोकं फिरलं की माझ्या हातून चुका होतात. या प्रकरणातही एक झाली. ती मी लपवणार नाही.

"हात मागे बांधलेत, मॅडम," हवालदार ऑस्कर म्हणाला. तो सांडोरचा, सिप्रियनच्या शेजारच्या आळीतला. "लहानपणी यांच्याच वाडीतले पेरू चोरायचो आम्ही."

मनगटांभोवती वायरी बांधायचा काळा प्लास्टिकचा टाय होता, कातडीत रुतलेला. मी त्यावरून अंगठा फिरवला. आवळतात तिथेही गुळगुळीत. टायचं चार बोटं लांबीचं उरलेलं टोक जमिनीवर पडलं होतं. जवळच विमान ढकलायचा लोखंडी दांडा होता. कुणीतरी तो पुसून ठेवला होता, पण घाईत. वाकड्या टोकाला केस चिकटलेले राहिले होते.

विमान जुनं, एका इंजिनाचं, चार माणसांचं. पंख काढून भिंतीला टेकवलेले. पुढच्या पॅनेलमधली उंची, वेग दाखवणारी घड्याळं निघाली होती आणि तिथे नुसती गोल भोकं राहिली होती. कोपऱ्यात वाडीचं सामान होतं: खताची पोती, केळीच्या घडांवर चढवायच्या निळ्या पिशव्या, सुतळी, अजून काहीबाही. लोखंडी कपाट मात्र पार उपसून टाकलेलं. सिप्रियनच्या मनगटावरचं घड्याळ आणि खिशातला फोन तसेच होते.

"काहीतरी शोधत होता," मी म्हणाले. "आणि हा सांगत नव्हता."

डॉक्टरांनी नंतर तेच सांगितलं. आधी पाठीवर घाव. मग हात बांधले. मग एकेक करून बोटं मोडली. डोक्यावरचे घाव सगळ्यांत शेवटी. वेळ दुपारी एक ते तीन. शेजारच्या गाळ्यांतली यंत्रं तेव्हा धडधडत असतात, माणूस कितीही ओरडला तरी ऐकू जात नाही.

प्रेत त्याच्या मुलीनं पाहिलं होतं. ती दाराबाहेर एका लाकडी खोक्यावर बसली होती, रडत नव्हती. मी आधी तिचे हात पाहिले. दोन्ही हातांवर मनगटापर्यंत बारीक, ताजे ओरखडे होते.

२

"हे कसले?" मी विचारलं.

एलिसानं हातांकडे असं पाहिलं की जणू ते दुसऱ्याचेच आहेत. "फ्लॉईडच्या कामाचे. परवा त्याच्या दुकानात पप्पांनी एका विमानाच्या पॅनेलखाली हात घालायला लावला. म्हणाले, पुढून सगळ्यांचंच छान दिसतं. मागे हात घाल."

मला विमानातलं ओ की ठो कळत नाही. गावी जायचं तर मी एसटीच पकडते. म्हणून तिला पहिल्यापासून सांगायला लावलं. सिप्रियन पस्तीस वर्षं मोठी विमानं उडवून निवृत्त झाला होता. हे छोटं विमान त्यानं पडीक अवस्थेत घेतलं, पंख उतरवून ट्रकमधून कामणला आणलं. इंजिन झालं, रंग झाला. उरलं होतं पॅनेल. जुनी घड्याळं काढून नवे डिजिटल पडदे, नवा रेडिओ बसवायचा होता. असं काम करणारी दुकानं मोजकी. दोनच त्याच्या मनात होती: कामण रस्त्यावरचं फ्लॉईडचं आणि विरारचं श्रीरंग दातारांचं. तीन महिने तो दोन्हीकडे खेपा घालत होता. मागच्या कामांचे कागद मागवायचा, जुन्या गिऱ्हाइकांना फोन करायचा, नको नको ते प्रश्न विचारायचा.

"एवढं कशाला?"

"पहिलं उड्डाण मी करणार होते, मॅडम." ती पायलट होती, बापाकडूनच शिकलेली. "ढगात शिरलं की बाहेर काही दिसत नाही. पॅनेल सांगेल ते खरं. ते चुकलं की संपलं. पप्पा म्हणायचे, दुकान निवडायचं म्हणजे तुझा जीव कुणाच्या हातात द्यायचा ते ठरवायचं."

"कपाटात काय होतं?"

"तेच कागद. दोन्ही दुकानांच्या फायली." मग तिनं पिशवीतून एक लाल डायरी काढली. "ही सकाळी मी घेऊन गेले होते. पप्पांनीच दिली. म्हणाले, शांतपणे वाच, संध्याकाळी बोलू."

शेवटच्या लिहिलेल्या पानावर एवढंच होतं: श्रीरंग, खाली दोन रेघा. मग ११ फेब्रुवारी. मग ३ ते १९.

"म्हणजे श्रीरंगकाका ठरले," ती म्हणाली. "पुढच्या फेब्रुवारीत काम करून देणार असतील."

मी पानाचा फोटो घेतला आणि डायरी तिला परत दिली. ती तेव्हाच जप्त करायला हवी होती. पण पोरीचा बाप आत पडलेला होता आणि तिच्याजवळ त्याच्या हातचं तेवढंच होतं. मला ते काढून घेववलं नाही.

"पप्पांचं कुणाशी वाजलं होतं?"

"प्लासिडकाकांशी, पप्पांच्या धाकट्या भावाशी. पप्पांना केळीच्या चार ओळी तोडून घरामागे विमानासाठी शेड बांधायची होती. गेल्या रविवारी चर्चमधली मिस्सा सुटल्यावर काका सगळ्यांसमोर म्हणाले, माझ्या केळीला हात लावलास तर तुला तिथेच गाडीन."

३

प्लासिड सांडोरच्या वाडीत सापडला. पन्नाशीचा, आडवा बांधा, कमरेला कोयता. मी विचारायच्या आधीच ऑस्करनं त्याला घरच्या बोलीत काहीतरी सांगितलं आणि तो पाटाच्या कडेला मटकन खाली बसला. "मी बोललो ते रागात, बाई," तो एवढंच पुन्हापुन्हा म्हणत राहिला. दुपारी कुठे होतास, तर वाडीत. पाहिलं कुणी, तर कुणीच नाही.

फ्लॉईडचं दुकान म्हणजे पसाऱ्याचं घर. मोठ्यानं गाणी, अर्धवट उघडी विमानं, चहाचे कप, वायरींची भेंडोळी, आणि एका ड्रममध्ये काळे टाय, शेकड्यानं. मृताच्या मनगटावर होता तसेच. फ्लॉईड पस्तिशीचा. बातमी ऐकून त्यानं गाणी बंद केली, पण हात कुठे ठेवावेत ते त्याला कळेना.

"अंकलनी माझ्या कामात वीस चुका काढल्या होत्या," तो म्हणाला. "लिस्ट करून दिली. हे बघा, भिंतीवर लावलीय. अकरा दुरुस्त केल्यात."

"म्हणजे काम तुला मिळणार नव्हतं."

"चान्स कमीच होता, मॅडम."

"दुपारी कुठे होतास?"

"इथेच. एकटा." तो ओशाळून हसला. "खोटं सांगायचं असतं तर बरं काहीतरी सांगितलं असतं ना?"

असं बोलणारे दोन जण मी पूर्वी पाहिले आहेत. दोघांनाही जन्मठेप झाली.

श्रीरंग दातारांचं दुकान विरारला पहिल्या मजल्यावर. चपला बाहेर काढाव्या लागल्या. साठीचे गृहस्थ, आगाशीचे, पांढराशुभ्र शर्ट. त्यांच्या टेबलावर वायरींची एक जुडी होती, मेण लावलेल्या दोऱ्यानं दर दोन बोटांवर गाठ मारून बांधलेली. मी आजवर पाहिलेल्या सुबक वस्तूंपैकी ती एक होती.

"आमच्याकडे प्लास्टिकचा टाय मिळायचा नाही," ते म्हणाले. "दोराच. वेळ लागतो, पण वायर कापत नाही. सिप्रियनला हेच आवडलं होतं. वाईट झालं हो. फार वाईट. सज्जन माणूस."

"तुम्हाला काम दिल्याचं बोलला होता?"

"बोलायला कशाला हवं?" त्यांनी भिंतीकडे हात केला. फायलींवर फायली, वर्षावार, आणि मध्ये चौकटीत लावलेलं एक प्रमाणपत्र. "प्रत्येक कामाचा कागद आहे. ही पेटी पाहा. उंची दाखवणाऱ्या काट्याची तपासणी हिच्यावर होते. खुद्द पेटीही दर वर्षी बाहेर पाठवून तपासून घेतो. तीस वर्षांत माझ्या हातून एक चूक नाही, इन्स्पेक्टर. विचारा कुणालाही."

दुपारी ते घरी होते. जेवण, मग वामकुक्षी. बायको माहेरी गेलेली. ऑस्करनं भिंतीचे फोटो घेतले. जिना उतरताना मी कठड्याला धरून उतरले. कठड्याला इंटरनेटची वायर काळ्या टायांनी हातहात अंतरावर बांधलेली होती, पण हात कुठे अडला नाही.

खाली टपरीवर चहा घेताना मी ऑस्करला म्हणाले, "टाय फ्लॉईडकडचा. पोरगं बोलण्यात चलाख आहे. उद्या आत घेऊ."

टपरीवर सात-आठ माणसं होती. त्यातलं कोण सांडोरचं होतं ते मी पाहिलं नाही.

४

दफन दुसऱ्या दिवशी सकाळी होतं. चर्च, म्हणजे सांडोरकरांचं देऊळ, माणसांनी भरलं होतं. मी साध्या कपड्यांत, हातात पोलिसी काठी घेऊन मागच्या बाकाशी उभी होते. श्रीरंग दातार पांढऱ्या कपड्यांत पुढे बसले होते. एलिसा मिस्साभर ताठ होती. शवपेटी उचलली तेव्हा तिनं एकदाच तिच्यावर हात टेकवला.

फ्लॉईड उशिरा आला. हातात फुलं घेऊन दफनभूमीच्या फाटकाशी थांबला. आत यावं की नाही ते त्याला ठरवता येत नसावं.

प्लासिड शवपेटी खांद्यावरून उतरवून सरळ त्याच्याकडे चालत गेला. त्यानं काळ्या कोटाखाली कोयता आणलेला मला दिसला तोवर उशीर झाला होता. पहिला घाव फ्लॉईडनं हातावर झेलला. फुलं आणि बाही एकदम फाटली. दुसरा खांद्यावर बसला. फ्लॉईड खाली पडला, तरी प्लासिड मारतच होता, केळीचं खोड तोडतात तसं वाकून, आणि प्रत्येक घावाला भावाचं नाव घेत होता. बायका किंचाळत पांगल्या. ऑस्करनं मागून मिठी मारली तेव्हा त्याच्याही कानाला पातं लागलं. मी प्लासिडच्या गुडघ्यावर काठी हाणली आणि तो कोसळला.

"बांधून मारलं माझ्या दादाला," तो मातीत तोंड घालून रडत होता. "तुमीच बोलल्या ना काल. टाय त्याचा. तुमीच बोलल्या."

फादर माझ्याकडे बघत होते. सगळंच गाव बघत होतं. मला त्या घडीला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं, आणि माझ्यासमोर खड्डा खणलेलाच होता.

फ्लॉईडच्या हातातून रक्ताची चिळकांडी उडत होती. मी ओढणी काढून दंडाला आवळून बांधली. ॲम्ब्युलन्समध्ये ठेवताना त्याचे डोळे मिटत चालले होते.

५

दुपारी तीनला तो शुद्धीवर आला. डावा हात कोपरापर्यंत शिवलेला. डॉक्टर म्हणाले, हात वाचला, दोन बोटांचं सांगता येत नाही.

मी खुर्ची ओढून बसले. "टाय तुझा आहे हे मी बोलले होते. लोकांसमोर. पुरावा नसताना. चूक माझी आहे."

त्यानं मान माझ्याकडे वळवली. मग म्हणाला, "पोलीस असं बोलतात हे मला माहीत नव्हतं."

मी त्याला डायरीच्या पानाचा फोटो दाखवला. आदल्या रात्रीपासून मला ते पान टोचत होतं. कामाची मुदत असेल तर एक तारीख वेगळी कशाला लिहायची?

"अकरा फेब्रुवारी," तो पुटपुटला. "ह्या वर्षीचा. ते दोन सीटचं विमान."

"कुठलं?"

"शिकवायचं विमान होतं, मॅडम. माझं गिऱ्हाईक, माझ्याकडून श्रीरंगसरांकडे गेलं. म्हणून तारीख लक्षात आहे. अकराला सरांनी सही करून दिलं. मार्चमध्ये ढगात डोंगराला धडकलं. शिकवणारे सर आणि एक मुलगी, एकोणीस वर्षांची. जळून कोळसा झाला. पायलटची चूक म्हणून फाईल बंद."

"आणि कुणाची असू शकते?"

"उंचीच्या काट्याला बाहेरची हवा एका नळीतून पोचते. काम करताना ती दबली, तर विमान खाली येतं आणि काटा वरच अडकून राहतो. पायलटला वाटतं, अजून डोंगराच्या वर आहोत. म्हणूनच काम झालं की पेटी लावून टेस्ट करायचीच. पेटीशिवाय ते कळायला दुसरा रस्ताच नाही."

"एका दुकानात अशा पेट्या किती?"

"एकच. महाग असते. तपासायला बाहेर गेली की आम्ही तेवढे दिवस काम थांबवतो."

मी ऑस्करच्या फोनमधला भिंतीचा फोटो मोठा केला. चौकटीतलं प्रमाणपत्र स्वच्छ वाचता येत होतं. पेटी तपासणीसाठी मिळाली, तीन फेब्रुवारी. परत पाठवली, एकोणीस फेब्रुवारी. अकराला दातारांनी टेस्ट केल्याची सही दिली, तेव्हा पेटी त्यांच्याकडे नव्हतीच. त्यांनी स्वतःच्या हातानं सिप्रियनला सगळे कागद दिले, कारण कागद पूर्ण असण्याचाच त्यांना अभिमान होता. आणि सिप्रियन प्रत्येक कागद वाचणारा माणूस.

पण हे खुनाचं कारण झालं. खून त्यांनी केला याचा पुरावा नव्हे. दातारांकडे टाय नसतो. मी पोलीस ठाण्यावर फोन लावून कोठडीतल्या प्लासिडला बोलायला लावलं.

"कामणच्या गोदामात टाय होते का रे?"

"व्हते ना. घडांच्या पिशव्या बांधायला दादानं आनलेले. पोत्यांच्या मागं पाकीट हाय."

म्हणजे टाय तिथलाच होता. कुणालाही मिळाला असता. मी उठले तेव्हा माझी बाही कशाला तरी अडकून टर्रकन फाटली. सलाईनच्या खांबाला नळी टायनं बांधलेली होती आणि त्याचं टोक बाहेर आलेलं होतं. मी त्या टोकाकडे बघत राहिले.

"फ्लॉईड, टाय लावल्यावर उरलेलं टोक तू कापतोस?"

तो शरमला. "कापायला पाहिजे. अंकलच्या लिस्टमध्ये पहिला पॉईंट तोच होता. धारदार राहतं, पुढच्याचा हात फाटतो. एलिसाचा फाटला. मी विसरतो."

प्लासिड घडावरचं टोक कापत नसणार, कोण कापेल? जगात कुणी कापत नाही. पण सिप्रियनच्या मनगटावरच्या टायला टोक नव्हतं. एका माणसाला मारता मारता कुणीतरी खिशातून कटर काढून ते अगदी मुळाशी कापलं होतं. आणि विरारच्या जिन्यावर, वायरवाल्यानं लावलेल्या परक्या टायवरूनसुद्धा माझा हात अलगद सरकत गेला होता; ती टोकंही दातारांनीच कापली असणार.

मी एलिसाला फोन लावला. "कुठे आहेस?"

"विरारला, श्रीरंगकाकांच्या दुकानात," ती म्हणाली. "पप्पांची इच्छा होती, तर आजच विमान त्यांच्याकडे सोपवावं म्हटलं. काका डायरीच बघतायत."

"एलिसा, बाहेर ये. काही न बोलता."

पलीकडे काहीतरी पडलं. मग फोन बंद झाला.

६

वसईहून विरारला पोचायला लागलेली पंचवीस मिनिटं मी कशी काढली ते मला आठवत नाही. विरारच्या चौकीतल्या पोरांना फोन केला होता, पण ती रेल्वे फाटकात अडकली होती. जिन्याचं दार आतून बंद. ऑस्करनं खांद्यानं दोन धक्के दिले, तिसऱ्याला कडी उखडली.

एलिसा जमिनीवर पालथी होती. दातार तिच्या पाठीवर गुडघा रोवून बसले होते. मेणाचा दोरा तिच्या गळ्याभोवती दोनदा फिरवून त्यांनी दोन्ही टोकं स्क्रूड्रायव्हरांना गुंडाळली होती आणि ते स्क्रूड्रायव्हर मुठीत धरून ओढत होते. एलिसानं कशी कोण जाणे, दोऱ्याखाली तीन बोटं घातली होती. त्या बोटांवरच ती एवढा वेळ जगली होती. दोऱ्यानं ती हाडापर्यंत चिरली होती. सगळी फरशी, तो पांढरा शर्ट, फायली, सगळं लाल झालं होतं. त्याआधी बराच वेळ तिनं त्यांना चांगलं झोडपलेलं दिसत होतं. एक टेबल उलटं पडलं होतं, दातारांच्या भुवईतून रक्त येत होतं.

"सोडा," मी ओरडले.

त्यांनी वर पाहिलं, आणि अजून जोरात ओढलं.

मी काठी त्यांच्या कोपरावर घातली. हाड मोडल्याचा आवाज आला. दुसऱ्या हातातला स्क्रूड्रायव्हर त्यांनी ऑस्करच्या मांडीत खुपसला. ऑस्कर तसाच त्यांच्या अंगावर पडला. मी दातारांच्या तोंडावर काठी मारली, एकदा, मग दुसऱ्यांदा. दुसऱ्यांदा मारायची गरज नव्हती. मी मारली.

एलिसा खोकत, ओकत श्वास घेत होती. तिचा प्रत्येक श्वास ऐकायला मला देवाच्या आरतीपेक्षा गोड लागत होता.

७

दातारांनी काही नाकारलं नाही. पुढचे तीन दात गेले होते, तरी बोलणं व्यवस्थित, मुद्देसूद.

"सिप्रियननं फोन करून बोलावलं," ते म्हणाले. "म्हणाला, आठ दिवस देतो, स्वतः जाऊन सांगा. त्या मुलीच्या आईबापांना तरी कळू दे. मी म्हटलं, पेटी नव्हती, गिऱ्हाईक घाई करत होतं, हजार वेळा केलेलं काम, नळी दबेल असं वाटलं नाही. तो म्हणाला, तेच सांगा. तेच कसं सांगणार? तीस वर्षं लोक माझं नाव घेऊन विमानात बसतात."

"म्हणून मारलंत."

"मला फायली हव्या होत्या आणि डायरी. फायली मिळाल्या. डायरीचं तो शेवटपर्यंत बोलला नाही."

"टायचं टोक का कापलंत?"

त्यांना प्रश्नाचं खरोखरच नवल वाटलं. "त्याला कुणीतरी सोडवणार होतं ना? हाताला लागलं असतं."

मी सव्वीस वर्षांत पुष्कळ कबुल्या घेतल्या. त्या वाक्यानंतर मात्र उठून बाहेर गेले आणि नळाखाली तोंड धरलं.

एलिसाचा आवाज परत यायला दहा दिवस लागले. पहिलं तिनं विचारलं ते हे: "पप्पांनी डायरीचं का नाही सांगितलं? एक कागद होता, मॅडम. देऊन टाकायचा."

"डायरी तुझ्याजवळ होती," मी म्हणाले. "सांगितलं असतं तर तो तुझ्याकडे आला असता."

तेव्हा ती रडली. दफनाच्या दिवशी आलं नव्हतं ते सगळं रडली. मी तिला धरून बसले होते.

प्लासिडवर खटला चालू आहे. फ्लॉईडनं त्याच्या बाजूनं जबाब दिला, त्यानं शिक्षा थोडी कमी होईल, एवढंच. माझी चहाच्या टपरीवरची गोष्ट मी अहवालात लिहिली आहे. त्याचं जे व्हायचं ते होईल. विमानात गेलेल्या त्या मुलीचे आईवडील नाशिकहून आले होते. त्यांना बसवून मी अकरा फेब्रुवारीची हकिकत सांगितली. आई म्हणाली, म्हणजे आमची पोर नीट उडवत होती. मी म्हटलं, हो, अगदी नीट.

फेब्रुवारी उजाडल्यावर एलिसानं मला कामणला बोलावलं. फ्लॉईडही आला होता, डावा हात गळ्यात. त्याची करंगळी गेली होती. तिच्या बोटांवर अजून पट्ट्या. दोघं विमानाच्या दोन बाजूंना उभे होते.

"इतर दुकानं आहेत," फ्लॉईड म्हणाला. "पुण्याला एक चांगलं आहे. मला वाईट नाही वाटणार."

"एकच विचारायचंय," एलिसा म्हणाली. "तुझ्या हातून कधी चूक झालीय? पॅनेलच्या पुढची नाही, मागची. जीव जाईल अशी."

त्यानं गळ्यातल्या हाताकडे पाहिलं. मला वाटलं, गेलं काम ह्याच्या हातचं.

"दोनदा," तो म्हणाला. "एकदा रेडिओची अर्थिंगची वायर ढिली ठेवली. घरी जेवताना आठवलं. मालकाला फोन केला, तो हवेत होता. टॉवरला सांगून खाली उतरवायला लावला. त्यानं चारचौघांत माझ्या कानाखाली मारली, परत कधी आला नाही. दुसऱ्यांदा उंचीची नळी उलटी जोडली होती. ती टेस्टमध्येच सापडली, पण मी मालकाला सांगितलं. तोही गेला. तेच दोन सीटचं विमान मग श्रीरंगसरांकडे गेलं."

एलिसा विमानाला वळसा घालून त्याच्या बाजूला आली. तिनं खिशातून विमानाची किल्ली काढली आणि त्याच्या उजव्या हातात ठेवली.